मदत हवी आहे: आजेसासूबाईंनी दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कुठल्या शेतावर काम केलं, हे कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी,

नवरा इंग्लिश असल्यामुळे हा शोध लिंकनशायरचा आहे. इथे जुनी दफ्तरं धुंडाळणारे जाणकार आहेत, म्हणून विचारते.

माझ्या आजेसासूबाई (सासूबाईंच्या आई) यॉर्कशायरच्या, लोकरीच्या गिरणीत कामाला. १९४२ मध्ये त्या विमेन्स लँड आर्मीत भरती झाल्या. पुरुष लढाईवर गेले आणि बाहेरून येणारं धान्य अडलं, तेव्हा शेती चालू ठेवायला उभी केलेली ही बायकांची फौज. पहिल्या महायुद्धात होती, ती जून १९३९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९४३ च्या अखेरीस तिच्यात ८० हजारांवर बायका होत्या. नांगरट, धारा काढणं, बटाटे, बीट, उंदीर मारणं, सगळं त्यांनी केलं.

सासूबाईंना एवढंच ठाऊक आहे, की आई लिंकनशायरमध्ये बीट काढायची. घरी तो विषय कधी निघालाच नाही. सैन्यातल्या बायकांना युद्धानंतर जे लाभ मिळाले, ते सरकारनं या बायकांना नाकारले. त्यांच्या प्रमुख लेडी डेन्मन यांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यावरून राजीनामा दिला. हयात असलेल्यांना सरकारी बिल्ला मिळाला तो थेट २००८ मध्ये, तोवर आजेसासूबाई गेल्या होत्या. हे वाचल्यापासून मला राहवत नाहीये. सासूबाई ऐंशीला आल्यात, त्यांना ती जमीन एकदा बघायची आहे.

हाताशी दोनच गोष्टी आहेत. एक म्हणजे लँड आर्मीचं नोंदणी कार्ड, ऑनलाइन मिळालं. त्यावर नाव, जन्मतारीख, माहेरचा पत्ता, आधीचं काम, क्रमांक आणि भरतीची तारीख आहे. शेताचं नाव नाही.

दुसरा एक फोटो. सात-आठ मुली चिखलात उभ्या, अंगात ब्रीचेस आणि जर्सी, प्रत्येकीच्या हातात बीटचा पाला छाटायचा आकडीचा कोयता. आजेसासूबाईंच्या दंडावरच्या पट्टीवर अर्ध्या शंकरपाळ्यासारखे चार तुकडे शिवलेले दिसतात. दर सहा महिन्यांच्या नोकरीला असा एक तुकडा मिळायचा, म्हणजे फोटो १९४४ च्या सुमाराचा असावा. मागे पेन्सिलीनं फक्त 'हॉस्टेलच्या मुली, नोव्हेंबर' लिहिलंय.

यावरून शेतापर्यंत कसं पोचायचं? मूळ सेवापुस्तिका कुठे मागता येतात का?

प्रतिसाद

ताई, सेवापुस्तिकांच्या मागे लागू नका. त्या उरलेल्या नाहीत, कार्डंच तेवढी शिल्लक आहेत.

तुमच्या फोटोमागचा 'हॉस्टेल' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही मुली एकाच शेतकऱ्याकडे राहून काम करायच्या. हॉस्टेलवाल्यांचं वेगळं होतं. त्यांना सहसा जिल्ह्याची युद्धकालीन शेती समिती (लोक तिला 'वॉर ॲग' म्हणत) कामाला लावायची आणि जिथे गरज असेल तिथे टोळी पाठवायची. आज या शेतावर बीट, पुढच्या आठवड्यात दुसरीकडे बटाटे. तेव्हा 'ते एक शेत' बहुधा नसणारच. हॉस्टेल शोधा, ते सापडलं की आसपासचा सगळा शिवार तुमचाच.

आता कुठे शोधायचं. त्या काळी लिंकनशायरचा कारभार एक नव्हता. लिंडसी, केस्टेव्हन आणि हॉलंड अशा तीन वेगळ्या काउंटी कौन्सिल होत्या, थेट १९७४ पर्यंत. सूची चाळताना तिन्ही नावं टाका, नाहीतर निम्मं दफ्तर हाती लागणार नाही. शेती समित्यांची इतिवृत्तं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये (राष्ट्रीय अभिलेखागारात) एमएएफ ८० या मालिकेत आहेत. लिंकनच्या काउंटी अभिलेखागाराला हॉस्टेलबद्दल मेल टाका, स्थानिक वर्तमानपत्रंही बघा. हॉस्टेलमधले नाच, क्रिकेटचे सामने, लग्नं यांच्या बातम्या येत.

गाव कळलं की तिथलीच एमएएफ ३२ ही मालिका काढा. हा १९४१ ते १९४३ चा राष्ट्रीय शेती पाहणी अहवाल, पाच एकर आणि त्यावरच्या शेतांचा, पॅरिशनुसार, म्हणजे गावहद्दीप्रमाणे लावलेला. मजुरांची नावं त्यात नाहीत. पण कुठल्या शेतात बीट किती, बटाटे किती, घोडे किती, ट्रॅक्टर होता का, हे सगळं मिळतं. शेतकऱ्याला अ, ब, क अशी श्रेणीही दिलेली असते. सोबतचे नकाशे एमएएफ ७३ मध्ये आहेत. त्यावर शेतांच्या हद्दी रंगवलेल्या असतात, म्हणजे सासूबाईंना नेमकी जमीन दाखवता येईल.

फोटो मोठा करून स्कॅन करा. मागे चर्चचा मनोरा, पवनचक्की किंवा बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्याची चिमणी दिसते का?

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार, दादा. मी एकाच शेताच्या मागे होते, टोळीचा विचारच केला नव्हता. फोटोत उजवीकडे लांबवर एक टोकदार मनोरा आहे, आणि जमीन अगदी सपाट, कुठे चढ नाही. त्यावरून हॉलंड भाग असावा का? हॉलंडमधल्या स्पाल्डिंगच्या बाजूची चर्चेस ओळखणारं कुणी असेल तर कृपया सांगा, स्कॅन आज रात्री टाकते.