भाच्याला सुरुंग लावून इमारती पाडायच्यात. जाऊ द्यावं का?

कोथरूडकर_मामा :
भाचा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा जेवताना म्हणाला, "मामा, मला बिल्डिंगी उडवायच्यात." ताई माझ्याकडेच बघतेय, जणू मीच शिकवलं! नोएडाचे जुळे टॉवर 28 ऑगस्ट 2022 ला पडले, तो व्हिडिओ पठ्ठ्याला पाठ आहे. माझं मत, खुशाल जावं. पाडण्याजोग्या इमारती वाढतच जाणार आणि हे शिकलेली माणसं मोजकी.

चिंटू_बांधकामवाला :
साफ असहमत. आपल्याकडे नाव घेण्यासारखे स्फोट किती झाले? जानेवारी 2020 मध्ये कोचीजवळ मरडूची चार संकुलं, मग नोएडा, मग आपला पुण्याच्या चांदणी चौकाचा पूल. मधल्या महिन्यांत पगार कोण देणार? दादर-पार्ल्याच्या रिडेव्हलपमेंटला सुरुंग कुणी लावत नाही. तिथे पोकलेन, ब्रेकर आणि बिगारी लागतात.

खाणवाला_चंद्रपूर :
मी आयुष्यभर कोळसा खाणीत ब्लास्टिंग केलं, म्हणून बोलतो. बटण दाबणं हे त्या कामातलं सगळ्यात फुटकळ काम. नोएडात 9,000 हून जास्त भोकं पाडून सुमारे 3,700 किलो स्फोटकं भरली होती. भरण्याआधी खांबांना जाळी आणि जाड कापड गुंडाळायचं, तुकडे उडू नयेत म्हणून. आणि स्फोटकं इमारत पाडत नाहीत हो! ती फक्त खांब तोडतात. पाडतं तिचं स्वतःचं वजन. कुठला खांब आधी, कुठला किती मिलिसेकंदांनी, यावर ती कुठे कलणार ते ठरतं. शेजारची इमारत 9 मीटरवर होती. हे गणित सिव्हिलवाल्याचं. मला दगड कळतो, खांबातली सळई नाही.

चिंटू_बांधकामवाला :
मग चांदणी चौकात सळई कुणाला कळली? ऑक्टोबर 2022, रात्रीचा एक. आम्ही बावधनला गच्चीवर चहा घेऊन उभे. 600 किलो स्फोटकं, मोठा धमाका, धूळ बसली... आणि पूल आहे तिथेच! काँक्रीट झडलेलं, लोखंड तसंच. उरलेलं शेवटी पोकलेननेच काढलं ना?

खाणवाला_चंद्रपूर :
काढलं. अंदाजापेक्षा जास्त लोखंड निघालं, असंच तेव्हा सांगितलं गेलं. म्हणूनच म्हणतो, आत काय आहे ते आधी तपासणारा माणूस हवा. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

राडारोडा_ताई :
पडल्यानंतरचं कुणी बोलतच नाही. नोएडात सुमारे 80,000 टन राडारोडा निघाला. उपसायला महिने गेले. धमाक्याला कॅमेरे, उपशाला कुत्रं नाही. भाच्याला या बाजूला वळवा, काम रोज आहे.

चिंटू_बांधकामवाला :
ताई, हे पटलं. सुरुंगाचं अजूनही नाही. पाडकाम शिकावं, पण यंत्रांचं. स्फोट आला वाट्याला तर बोनस समजावा.

कोथरूडकर_मामा :
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. त्याचा एकच प्रश्न, परवाना कुठे मिळतो?

खाणवाला_चंद्रपूर :
स्फोटकांचा कारभार बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरात आहे. पण त्याला म्हणावं, एवढी घाई नको. आधी चिंटूरावांच्या साइटवर वर्षभर खांब फोडताना उभा राहा. आणि मामा, तुमच्या ताईंना सांगा, पोरगं घरी धुळीनेच माखून येणार, सुरुंग असो वा नसो.