बेदाण्याचे पैसे एकदम हातात येतात, आठ महिने पुरवायचे कसे? (सांगली)

द्राक्षमणी: बी.एस्सी. दुसरं वर्ष. घर तासगावजवळ, राहायला विश्रामबागला कॉट बेसिसवर. दरमहा पैसे येत नाहीत. बेदाणा विकला की जूनमध्ये ₹६०,००० एकरकमी मिळतात, ते जानेवारीअखेर चालवायचे. कॉट २,२००, मेस २,८००. आठने भागलं तर महिन्याला साडेसात हजार बसतात, तरी ऑक्टोबरात खडखडाट. चुकतंय कुठे? दिवाळीपर्यंत लोन अ‍ॅपवरून पाच हजार उचलले तर चालेल का?

पासबुक: भागाकाराआधीची वजाबाकी राहिली. कॉटचं डिपॉझिट ५,०००, परीक्षा फॉर्म, पुस्तकं, जर्नल मिळून ४,०००, आजारपणाला ३,००० धरा. उरले ४८,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. कॉट-मेस जाऊन खर्चायला हजार. साडेसात हजार समजून वागलं की दरमहा दीड हजाराचं भोक पडतं.

दोन खाती ठेवा. रक्कम आलेल्या खात्याला यूपीआय जोडू नका, त्याचं कार्ड घरी ठेवा. तिथून एक तारखेला ५,००० आणि दर सोमवारी २५० दुसऱ्या खात्यात जातील असं शेड्यूल लावा. हजार एकदम आले तर दहा तारखेलाच संपतात, म्हणून आठवड्याचा हप्ता. नोव्हेंबर ते जानेवारीचे १८,००० जूनमध्येच ऑक्टोबरअखेरच्या एफडीत टाका. सहा टक्के धरले तरी व्याज चारशेच्या आसपास. मुद्दा व्याजाचा नाही, हात लागू नये हा आहे. फक्त ऑटो रिन्यूअल बंद करा, नाहीतर मुदत संपली की पैसे पुन्हा अडकतात.

टेबलनंबर४: दोन खात्यांत एक गोम आहे. महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती आधारशी मॅप असलेल्या, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला आधारशी जोडलेल्या, खात्यात जाते, आणि मॅपिंग एका वेळी एकाच बँकेचं असतं. नवं खातं उघडताना डीबीटीच्या (सरकारी पैसे थेट खात्यात घेण्याच्या) रकान्यावर सही केली की ते तिकडे सरकतं, मग जुन्या पासबुकात एंट्री शोधत बसायचं. केवायसीला आधार दिलं म्हणजे मॅपिंग झालं असं नाही, या दोन गोष्टी वेगळ्या. मायआधार वेबसाइटवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. कोणती बँक आणि चालू आहे का, दोन्ही दिसतं. आणि दुसरं खातं झिरो बॅलन्सचंच घ्या. मिनिमम बॅलन्सचा दंड २५० च्या हप्त्याला झेपत नाही.

खाडेवाला: मेसचा हिशेब कर. साठ जेवणं, २,८००, म्हणजे ताटाला ४७ रुपये. दर शनिवारी गावाला गेलास तर महिन्यात सोळा-एक ताटं बुडतात, उरलेल्या ४४ ना ६४ रुपये पडतात. तरी सुटं ताट ७० ला असेल तर महिनेवारीच परवडते. ४० च्या खाली जेवणं गेली तरच कुपन घे. खाड्याचा नियम आधी विचारून ठेव: कुठे सलग तीन दिवसांचेच खाडे धरतात, कुठे आदल्या दिवशी सांगावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीचे पैसे आगाऊ भरू नकोस.

रिचार्जही बघ. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज.

द्राक्षमणी: रोज एसटीने ये-जा केली तर?

खाडेवाला: विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, कॉट-मेसपेक्षा कितीतरी स्वस्त. पण प्रॅक्टिकल संध्याकाळी सुटतं, तेव्हा आधी तुझ्या फाट्याच्या शेवटच्या गाडीची वेळ बघ. फक्त शनिवार-रविवारसाठी पास काढू नकोस, तिकीटच बरं.

टक्केवारी: लोन अ‍ॅपचं राहिलं. समजा ५,००० मंजूर, प्रोसेसिंग फी ४००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२. हातात ४,५२८. तीस दिवसांनी १५० व्याजासह भरायचे ५,१५०. ४,५२८ वर ६२२ गेले, महिन्याला पावणेचौदा टक्के. अ‍ॅप मात्र ‘फक्त तीन टक्के’ म्हणणार. कर्ज देण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या अटी-खर्चाचा तक्ता) दाखवणं बंधनकारक आहे, त्यात एपीआर, म्हणजे फी धरून पडणारा वर्षाचा खरा दर, हाच आकडा वाचा. आणि तुमचे पैसे जानेवारीपर्यंत येणारच नाहीत, तेव्हा ते ५,१५० फेडायचे कशातून? हप्ता चुकला की सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) डाग, मग शैक्षणिक कर्जाच्या वेळी बँक तो उकरून काढते. त्यापेक्षा घरी सांगून दोन हजार हातउसने घ्या.