डावखुऱ्या मुलीला डेंटल हायजिनिस्टचा कोर्स झेपेल का?

लातूरचा_दादा
नमस्कार. धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स झाली, नीटला बीडीएस मिळेल एवढे मार्क नाही आले, आता तिला डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायचाय. घरचे म्हणतात दात साफ करायला कोर्स कशाला, मला ते पटत नाही. पण ती डावखुरी आहे आणि रक्त बघितलं की तिला गरगरतं. कॉलेजात मुलांकडून नक्की काय काय अपेक्षा असते? फॉर्म भरायच्या आधी खरं काय ते सांगा.

स्केलरवाली_पुणे
दादा, मी हेच काम करते. डाव्या हाताचं टेन्शन घेऊ नका. पेशंटचं डोकं घड्याळातल्या १२ च्या जागी धरलं तर उजव्या हाताचे ९ ते १२ मध्ये बसतात, डावखुरे १२ ते ३ मध्ये, ट्रे आणि सक्शन मात्र बाजू बदलून पाहिजे म्हणून ॲडमिशन झाल्या झाल्या मॅडमना सांगून ठेवायचं. कुठला हात यापेक्षा बोटांना कळतं किती ते महत्त्वाचं. हिरडीखालचं कीटण दिसत नाही, एक्सप्लोररच्या (तपासायच्या बारीक टोकदार हत्याराच्या) टोकाला खरखर लागते तेवढ्यावरच ओळखायचं असतं. आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकवल्याशिवाय हात चालवायचा नाही, नाहीतर क्युरेट (कीटण खरवडायचं हत्यार) सटकून हिरडी फाटते. सुरुवातीला यावरूनच सगळ्यात जास्त बोलणी बसतात. मग प्रोबिंग, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली एका दाताला सहा ठिकाणी मोजायची, निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिमी. कंटाळून अंदाजे आकडे लिहिणारी मुलं असतात, ते अजिबात करू नये, पुढची ट्रीटमेंट त्याच आकड्यांवर ठरते. रक्ताचं म्हणाल तर सुजलेली हिरडी रोजच येणार. बऱ्याच जणींची सवय होते, पण तिला आधी ओळखीच्या डेंटिस्टकडे काही दिवस नुसतं बसून बघू दे.

पेरिओ_मॅडम
मी विद्यार्थ्यांना शिकवते. हात सरावाने बसतो हो, जबाबदारीची जाणीव आहे का हे मी आधी बघते. पेशंट म्हणतो मला काही नाही, आणि तीन प्रश्न विचारले की कळतं रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, किंवा हार्टचा व्हॉल्व बदललेला आहे, किंवा पेसमेकर आहे, आणि काही प्रकारचे अल्ट्रासॉनिक स्केलर (कंपनांनी कीटण काढायचं मशीन) पेसमेकरवाल्याला जपूनच वापरावे लागतात, म्हणून हे सगळं विचारून डॉक्टरांना सांगितल्याशिवाय इन्स्ट्रुमेंट उचलायचंच नाही. खाली पडलेलं इन्स्ट्रुमेंट पुसून परत वापरायचं नाही, मागे रांग असली तरी. ऑटोक्लेव्हच्या (वाफेने इन्स्ट्रुमेंट निर्जंतुक करायच्या मशीनच्या) टेपचा रंग बदलला म्हणजे निर्जंतुक झालं असं होत नाही, पाकीट गरम झालं एवढंच त्यातून कळतं, खात्रीसाठी स्पोअर टेस्ट (चिवट जंतूही मेले का ते बघायची टेस्ट) लागते. बोटाला काही टोचलं तर पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि तिथल्या तिथे सांगायचं, एचआयव्हीची औषधं शक्यतो २ तासांत सुरू करतात, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ओरडा बसेल म्हणून मुली लपवतात, आणि याची मला खरंच फार काळजी वाटते. हेपॅटायटिस बी ची लस नसेल झाली तर आत्ताच सुरू करा, तिसरा डोस सहा महिन्यांनी असतो.

लातूरचा_दादा
मॅडम खूप आभार, लसीचं लक्षातच नव्हतं. अजून एक, शिकल्यावर ती स्वतःचा दवाखाना टाकू शकते का?

पेरिओ_मॅडम
नाही. कायद्याप्रमाणे हायजिनिस्टचं काम म्हणजे स्केलिंग (कीटण काढणं), क्लीनिंग, पॉलिशिंग आणि दातांची निगा कशी राखायची ते शिकवणं. दात काढणं, सिमेंट भरणं यातलं काही नाही. तोंडात पांढरा चट्टा दिसला तर निदान सांगायचं नाही, तसाच डेंटिस्टला दाखवायचा, पण दाखवायचाच.

शेवटचं_वर्ष_नागपूर
त्या शिकवण्याच्या भागाला कमी समजू नका. आमच्याकडे वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या आज्या येतात, त्यांना रागावलं तर पुढच्या वेळी येतच नाहीत. आणि जवळपास रोज ऐकावं लागतं की साफ केलं की दात हलायला लागतात. दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने धरून ठेवलेले, हे आरशात दाखवत शांतपणे सांगावं लागतं, तेही दर पेशंटला नव्याने. बहीण बोलकी आणि सोशिक असेल तर छान जमेल तिला.

स्केलरवाली_पुणे
आणि दादा फी भरायच्या आधी कॉलेजच्या या कोर्सला मान्यता आहे का ते स्टेट डेंटल कौन्सिलकडे विचारून घ्या, नुसत्या जाहिरातीवर जाऊ नका. रजिस्ट्रेशन तिथेच करावं लागतं.