मदत हवी आहे: घरी बांधलेल्या बग्गीला इंजेक्शन बसवलं, आता वळणावर बंद पडते

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, गाडी रस्त्यावर आणायची नाही, त्यामुळे आरटीओचे सल्ले नकोत. दिंडोरीच्या पुढे आमचा द्राक्षाचा मळा आहे. तिथे बांधावरून आणि शेततळ्याकडच्या कच्च्या वाटेवर फिरायला मी आणि आतेभावाने पाइपची बग्गी बांधली. इंजिन जुन्या मारुती ८०० चं, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवालं, मागे बसवलेलं. दोन वर्षं बिनतक्रार चालली. चोक ओढा, सेल्फ मारा, निघा. मग मला दुर्बुद्धी सुचली, कार्बोरेटर काढून इंजेक्शन (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवायची.

जुन्या मॅनिफोल्डलाच (इंजिनात हवा नेणारी नळकांडी) सातपूरला ॲल्युमिनियम वेल्डिंग करून इंजेक्टरसाठी तीन बॉस (जाड गोल बैठका) लावून घेतले आणि लेथवर बोअर मारले. इंजेक्टर, रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी), थ्रॉटल बॉडी, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा) सगळं भंगारातलं. इंजेक्टर मीटरवर १४ ओहमच्या आसपास दाखवतात, म्हणजे वेगळे रेझिस्टर लागले नाहीत. ईसीयू (इंजिनचा संगणक) स्पीडुइनो, अर्डुइनो मेगा बोर्डवरचा. क्रँक पुलीला ३६ दातांची, त्यातला एक दात काढलेली चकती, ती अंबडला लेसरवर कापून आणली. सेन्सर दोन वायरींचा, चुंबकवाला, आणि त्याच्यासाठी बोर्डवर व्हीआर कंडिशनर (त्याचा सिग्नल ईसीयूला कळेल असा करणारं सर्किट) आहे. स्पार्क अजून जुन्या डिस्ट्रिब्यूटरवरच. ईसीयू फक्त पेट्रोल सोडतो.

पंप बाहेरचा, इलेक्ट्रिक. टाकी पत्र्याची, घरीच केलेली, साधारण १४ लिटरची. पंप टाकीच्या वरच्या आडव्या पाइपला बांधलाय आणि वरून नळी टाकीच्या तळापर्यंत सोडली आहे. पहिल्या दिवशी कार्बोरेटरचीच रबरी नळी ठेवली होती. चावी फिरवल्यावर तिसऱ्या सेकंदाला जोडातून पेट्रोलची अशी पिचकारी उडाली की आतेभाऊ थेट द्राक्षाच्या मांडवाखाली. इंजिन थंड होतं म्हणून निभावलं. आता इंजेक्शनची नळी आणि तिच्याच क्लिपा लावल्यात.

त्रास दोन आहेत. टाकी अर्ध्याच्या खाली असली आणि उजवीकडे जोरात वळवली, की सेकंद-दोन सेकंदांत गाडी दम खाते आणि बंद पडते. सरळ उभी करून चावी परत फिरवली की लगेच चालू. दुसरं म्हणजे ३००० आरपीएमच्या वर रेस दिली की मिसिंग. हे जागेवर उभी असतानाही होतं. लॅपटॉपवर त्या वेळी सिंक लॉसचा (ईसीयूचा चकतीच्या दातांचा हिशेब चुकल्याचा) आकडा भराभर वाढतो.

माझा अंदाज, दोन्हीचं मूळ एकच, पंप कमजोर. नवा मोठा पंप घेऊ का? ऑक्टोबर छाटणीच्या आधी हे मार्गी लावायचंय, नंतर आप्पा मला गाडीला हात लावू देणार नाहीत.

प्रतिसाद:
एवढ्या खर्चात अख्खी इंजेक्शनवाली ८०० आली असती राव. असो, चालू द्या. फोटो टाका.

प्रतिसाद:
पंप घेऊ नका, थांबा. पंप कितीही कमजोर असला तरी त्याने सिंक लॉस वाढत नाही. तो आकडा क्रँक सेन्सरचा आहे, त्याचा पेट्रोलशी संबंध नाही. म्हणजे तुमचे दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही एकच गोळी शोधताय.

वळणाचं आधी. कार्बोरेटरच्या पोटात फ्लोटची वाटी असते. टाकीतलं पेट्रोल वळणावर एका बाजूला गेलं, नळीने दोन सेकंद हवा ओढली, तरी इंजिन वाटीतल्या पेट्रोलवर चालत राहतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. इंजेक्शनला असा साठा नाही. हवेचा बुडबुडा पंपात शिरला की रेलमधलं प्रेशर तिथेच बसतं. तुमच्या टाकीत बॅफल (पेट्रोल एका बाजूला धावू न देणारे आतले पडदे) आहेत का? आणि पंप टाकीच्या वर का बांधला? हे पंप ढकलायला चांगले असतात, ओढायला नाही. पंप टाकीच्या तळाच्या खाली हवा, म्हणजे पेट्रोल आपोआप त्याच्याकडे उतरेल.

रेलवर प्रेशर गेज लावा आणि वळवून बघा. अंदाज नको.

धागाकर्ता:
बॅफल नाहीत. सुचलंच नव्हतं.

आज संध्याकाळी गेज लावला. जागेवर बरोबर ३ बार. आतेभावाने गेजकडे बघत बसायचं आणि मी चालवायची, असं ठरलं. उजव्या वळणावर काटा ३ वरून १ च्या खाली आला आणि त्याच क्षणी गाडी बंद. डावीकडे वळवलं तर काटा हलत नाही, कारण नळीचं तोंड टाकीच्या उजव्या कोपऱ्यात आहे. पण मग जागेवर ३००० च्या वर रेस देऊन पाहिली, मिसिंग चालू आणि काटा ३ वर ठाम. तुमचं बरोबर आहे. पंपाचे पैसे वाचले.

प्रतिसाद:
सिंकबद्दल माझ्या अनुभवातून. चुंबकवाल्या सेन्सरच्या दोन वायरी उलट लागल्या तरी गाडी चालू होते, तिथेच माणूस फसतो. त्या सेन्सरचा सिग्नल दाताच्या बरोबर मध्यावर झपकन शून्य ओलांडतो, आणि ईसीयूने तीच कड पकडायची असते. वायरी उलट असल्या की तो दुसरी, आळशी कड पकडतो. मग काढलेल्या दाताच्या जागेपाशी अंतराचा हिशेब चुकतो, आणि वेग वाढला की जास्तच चुकतो.

दुसरा संशयित तुमचा डिस्ट्रिब्यूटर. प्लगच्या जाड वायरी सेन्सरच्या वायरीशेजारून गेल्या असतील तर प्रत्येक ठिणगीचा विजेचा गोंधळ (नॉइज) सेन्सरच्या सिग्नलमध्ये शिरतो. सेन्सरला पीळ दिलेली शील्डवाली वायर वापरा आणि शील्डला फक्त ईसीयूच्या टोकालाच अर्थिंग करा. दोन्ही टोकांना केलंत तर नवीन दुखणं. आधी वायरी उलटून बघा, ते फुकट आहे.

धागाकर्ता:
उलटल्या. ५००० पर्यंत एकही सिंक लॉस नाही! तीन रविवार मी पेट्रोलचं टेबल बदलत बसलो होतो, आणि चूक दोन वायरींची. प्लगच्या वायरी खरंच खेटून होत्या, त्याही लांब केल्या.

आता टाकी. बॅफल टाकायला ती कापावी लागेल, आणि पेट्रोलची टाकी वेल्डिंगला न्यायची आतेभावाला पिचकारीपासून धास्ती आहे. सर्ज टँक (मुख्य पंपाआधीचं साठ्याचं छोटं भांडं) लावला तर चालेल का? जोडणी कशी करायची?

प्रतिसाद (गेजवाला):
आतेभाऊ शहाणा आहे. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही वाफ असते, भरलेल्यापेक्षा तीच जास्त धोक्याची. तिला हात लावू नका.

दीड लिटरचं उभं भांडं घ्या, अरुंद आणि उंच. टाकीतून त्यात पेट्रोल आणायला कमी प्रेशरचा साधा पंप पुरतो. तो मध्येच हवा ओढेना का, ती भांड्याच्या वर जमा होईल. भांड्याच्या तळातून ३ बारचा पंप, तिथून फिल्टर, मग रेल. प्रेशर राखणाऱ्या रेग्युलेटरची रिटर्न नळी परत भांड्यात, आणि भांड्याच्या अगदी माथ्यावरून ओव्हरफ्लो टाकीत. ही ओव्हरफ्लोची नळी जाड ठेवा, तीच हवा बाहेर काढते. नळी बारीक राहिली तर भांड्यातच प्रेशर चढेल. टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला भोक आहे ना, तेही बघा.

भांडं सायलेन्सरपासून लांब. दोन्ही पंप ईसीयूच्या रिलेवरच, म्हणजे इंजिन थांबलं की पंप थांबतील. थेट चावीवर जोडू नका, बग्गी उलटली तर पंप पेट्रोल ओतत राहतील. आणि हल्ली पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं. कार्बोरेटरच्या काळातली एखादी नळी टाकीच्या बाजूला अजून असेल तर तीही बदला.

धागाकर्ता:
टाकीपासून पंपापर्यंतची जुनीच आहे. आत्ता जाऊन दाबून पाहिली, बोटाला मऊ लागतेय. उद्या नाशिकच्या द्वारकेला जाऊन नळी आणतो, भांड्यासाठी शनिवारी टर्नरकडे. दोन्ही पंप एकाच रिलेवर ओढले तर फ्यूज कितीचा टाकू?

प्रतिसाद (गेजवाला):
एका रिलेवर नको. ईसीयूच्या एकाच सिग्नलवर दोन रिले, प्रत्येकाचा फ्यूज वेगळा. पंप चालू असताना प्रत्येकाचे अँपिअर मोजा आणि इथे लिहा, मग सांगतो.