मोठ्या टेक कंपनीतली नोकरी अजून हवीशी वाटते का? मराठवाड्यातल्यांनो, अनुभव लिहा

माझा पुतण्या नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात एकच ध्यास, मोठ्या कंपनीत लागायचं. पण जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० माणसं कमी केल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून भाऊ धास्तावलाय. जे तिथे आहेत किंवा होते, त्यांनी लिहा. पगाराचा आकडा नको, दिवस कसे जातात ते सांगा.

लातूर, सध्या हैदराबाद
सहा वर्षं झाली. कपातीच्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला तर आमच्या टीममधल्या अमेरिकेतल्या दोघांची खाती बंद झालेली. आदल्या रात्रीच त्यांच्याशी बोलले होते. तासाभरात बाबांचा फोन. "टीव्हीवर दाखवायलेत, तुझं नाव हाय का त्यात?" माझ्या फीसाठी त्यांनी दोन एकर विकलं होतं. नाव नव्हतं, तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.
पगारातला मोठा हिस्सा शेअरमध्ये असतो आणि ते चार वर्षांत थोडे थोडे हाती येतात. सोडायचं मनात आलं की पुढची तारीख आडवी येते. पण शिकले ते इथेच. पहिल्या महिन्यात माझ्या चाळीस ओळींच्या कोडवर सव्वीस शेरे आले. रडले, मग एकेक समजून घेतला. कॉलेजात असं कुणी तपासलं नव्हतं. आजही कुणी विचारलं तर जा म्हणेन, फक्त कर्ज काढून फ्लॅट लगेच घेऊ नका.

परभणी
मी कंत्राटी. तीच इमारत, तेच कँटीन, पण पगार दुसऱ्या कंपनीकडून आणि ओळखपत्राचा रंग वेगळा. गावाकडं सगळे "मोठ्या कंपनीत हाय" म्हणतात. हा फरक आईला अजून सांगितलेला नाही. पुतण्याला ऑफर आली तर पत्रावर नाव कुणाचं आहे ते आधी बघा दादा.

बीड
नोकरी गेली आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. एवढंच लिहितो.

जालना
आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला या असा हुकूम निघाला, तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली. राजीनामा दिला. आता वाळूजच्या कारखान्यांसाठी मशीनचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर करतो. पगार निम्म्याहून कमी, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता जड जातो. पण मशीन बंद पडलं की ऑपरेटर थेट मला फोन लावतो. आधीच्या ठिकाणी चार वर्षांत माझं काम वापरणारा एकही माणूस मला भेटला नव्हता. आईचं दुपारचं औषधही आता मीच देतो.

धागाकर्ता
लातूरच्या ताई, तुमचे सव्वीस शेरे पुतण्याला वाचून दाखवले. तो विचारतोय, लहान कंपनीत असं बसून तपासणारं कुणी मिळतं का? जालन्याचे दादा, तुमच्याकडे नव्या मुलांचा कोड कोण बघतं?