मदत हवी आहे – 'स्वर्व्ह' ला मराठीत काय म्हणाल?

नमस्कार मंडळी, भाचीला इंग्रजी शिकवताना 'स्वर्व्ह' शब्दावर अडकलेय. म्हणजे कुत्रा आडवा आला की ड्रायव्हर स्टिअरिंग झटकन फिरवतो आणि गाडी सरळ रेषा सोडून बाजूला जाते ते. 'टर्न' म्हणजे साधं वळण, 'स्किड' मध्ये टायर घसरतो, हे दोन्ही तिला पटलं पण याला नेमका एक मराठी शब्द सापडेना, 'कट मारला' म्हटलं तर मुद्दाम मारल्यासारखं वाटतं ना? आणि फुटबॉलमध्ये फ्री किकचा बॉल हवेत वळतो त्यालाही स्वर्व्हच म्हणतात, शिवाय माणूस ध्येयापासून स्वर्व्ह होत नाही असंही लिहितात, तिथे मला 'ढळत नाही' फार छान बसतं. पण गाडीसाठी काय? तुमच्या गावाकडे बोलताना काय म्हणतात तेही सांगा प्लीज.