सायबरट्रकवर एवढे टोकाचे मतभेद का? आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत ती टिकेल का?

बार्देशचा वाटसरू:
नमस्कार मंडळी. टेस्लाची सायबरट्रक नोव्हेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्नला दाखवली आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला टेक्सासमधून पहिल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या हाती गेल्या. एवढी वर्षं झाली, तरी तिच्याबद्दलची मतं एकमेकांच्या जवळ यायला तयार नाहीत. काहींना ती पिकअपचा जुना साचा मोडणारी गाडी वाटते, काहींना पत्र्याची कोनाकोनांची पेटी. मला हे समजून घ्यायचं आहे की तो आकार गरजेतून आला की नुसता दिसण्यासाठी. दुसरं म्हणजे, स्टेनलेस असूनही गंजाचे डाग पडतात असं वाचतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारं वारं. इथे तिचं काय होईल? आणि पिकअप म्हणून आपल्याकडची कामं तिला झेपतील का? आवड-नावड सगळ्यांची ऐकून झाली आहे, कारणांसकट उत्तरं हवीत.

फोंड्याचा फोरमन:
आकाराचं मूळ पत्र्यात आहे. नेहमीच्या मोटारीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास, मऊ पोलादाचा. तो डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, दाबला की हवी ती गोलाई घेतो, मग त्यावर रंग. सायबरट्रकचा पत्रा थंड अवस्थेत लाटून कडक केलेल्या स्टेनलेसचा, १.४ ते १.८ मिलिमीटर जाडीचा. हा डायमध्ये दाबला तर डाय झिजते, आणि दाब काढताच पत्रा उसळी मारून मागे येतो. प्रेसवर काम केलेल्या माणसाला ही उसळी नवी नाही. त्यामुळे असा पत्रा सरळ रेषेत वाकवणं एवढंच सोयीचं राहतं. सपाट बाजू आणि धारदार घड्या तिथून आल्या. एकदा तो पत्रा ठरला की गोल गाडी शक्यच नव्हती.

पण तोच पत्रा का, हा प्रश्न उरतो, आणि तिथे टीकाकारांचं म्हणणं मला पटतं. २०१९ मध्ये सांगितलं होतं की बाहेरचं कवचच गाडीचा भार पेलेल. तसं झालं असतं तर जाड पत्र्याचं वजन सार्थकी लागलं असतं. प्रत्यक्षात आली ती गाडी आत वेगळा सांगाडा, पुढे-मागे ॲल्युमिनियमचं मोठं ओतकाम आणि बाहेरून लावलेले पत्रे अशी आहे. मार्च २०२५ मध्ये ४६,०९६ गाड्या परत बोलावल्या, म्हणजे तोवर बनलेल्या जवळजवळ सगळ्याच. समोरच्या काचेच्या बाजूने छताच्या कडेला जाणारी स्टेनलेसची पट्टी नुसत्या चिकटवणीवर बसवलेली होती. ती चिकटवण हवामानाने ठिसूळ होऊन पट्टी सुटायची. दुरुस्तीत वेगळी चिकटवण आली आणि सोबत स्टड-नटाचा आधार. धातूच्या पट्टीला धातूचा आधार पहिल्यापासूनच हवा होता. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये ३,८७८ गाड्या ॲक्सिलरेटरच्या पॅडलसाठी परत आल्या. पॅड सहज सरकून बसावं म्हणून जुळणी करताना साबण वापरला होता, त्याने पकड सैल झाली. सुटलेलं पॅड वरच्या प्लास्टिकमध्ये अडकून पॅडल दाबलेलंच राहण्याचा धोका होता.

आता दिलेला शब्द आणि आलेली गाडी. २०१९ मध्ये सुरुवातीची किंमत ३९,९०० डॉलर आणि सर्वांत वरच्या प्रकाराला ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर पल्ला सांगितला होता. २०२३ मध्ये दोन मोटरांची गाडी ७९,९९० डॉलरला आली, पल्ला ३४० मैल, म्हणजे सुमारे ५४७ किलोमीटर. ओढण्याची क्षमता साडेसहा टनांजवळून पाच टनांवर उतरली. २०२५ पर्यंत वर्षाला अडीच लाख गाड्या काढण्याची भाषा २०२३ मध्ये झाली होती, तर २०२४ मध्ये अमेरिकेत खपल्या साधारण ३९ हजार. कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांच्या राजकारणाने त्यात भर घातली आणि गाडीबद्दलचं मत हे माणसाबद्दलचं मत होऊन बसलं. तो भाग वेगळा काढला तरी आकड्यांतली तफावत राहतेच, आणि नाराजीचा मोठा वाटा तिथलाच आहे.

चांगलं तेही सांगतो. अमेरिकेच्या सरकारी अपघात चाचणीत तिला पाच तारे मिळाले आहेत. स्टिअरिंगचा चाकांशी लोखंडी दांड्याने संबंध नाही, सगळं तारेतून जाणाऱ्या विजेच्या संकेतांवर, आणि हळू चालताना मागची चाकंही वळतात. एवढ्या लांब गाडीला हे मोठं सुख आहे.

खारवारा:
गंजाबद्दल बरीच गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर.

स्टेनलेस म्हणजे न गंजणारं लोखंड असं नाही. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते पृष्ठभागावर फार पातळ थर धरतं. ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा धरतो. त्याला फोडणारी मुख्य गोष्ट म्हणजे क्लोराइड, म्हणजेच मीठ. बोटींवरच्या सामानाला ३१६ दर्जाचं स्टेनलेस वापरतात, कारण त्यातलं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम क्लोराइडसमोर टिकतं. सायबरट्रकचा पत्रा ३०० मालिकेतलाच पण कडकपणासाठी बनवलेला आहे, समुद्रासाठी नव्हे. तिच्या मालकपुस्तिकेतच लिहिलंय की पक्ष्यांची विष्ठा, डिंक, मेलेले किडे, डांबर, रस्त्यावरचं मीठ लगेच पुसा, पुढच्या धुलाईची वाट पाहू नका.

लोकांना दिसतात ते नारिंगी ठिपके बहुतेक वेळा पत्र्याचे नसून त्यावर बसलेल्या परक्या लोखंडी कणांचे असतात. रेल्वेरुळांची भुकटी, ब्रेकची भुकटी, फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या ग्राइंडरच्या ठिणग्या. तो कण गंजतो आणि डाग पत्र्यावर उमटतो. आपल्याकडे डिचोली-सत्तरीत लोहखनिजाची लाल धूळ आहे, पण तिची गोष्ट जरा वेगळी. ती आधीच ऑक्साइड असते, ती नव्याने गंजत नाही. मात्र तिचा थर ओल आणि मीठ धरून ठेवतो, थराखाली हवा पोचत नाही आणि तिथे बारीक खड्डे पडायला लागतात. नुसता डाग पुसून जातो, खड्डा जात नाही. म्हणून धुळीचा थर साचू देणं हे इथलं खरं संकट.

विशेष म्हणजे पावसात ही गाडी पावसाळ्याबाहेरपेक्षा सुखी राहील. जून ते सप्टेंबर पाऊस मीठ धुऊन नेतो. ऑक्टोबर ते मे वाऱ्यासोबत मीठ बसतं, रात्रीचं दव त्याला ओलं करतं आणि धुवायला कुणी नसतं. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत गाडी उभी राहत असेल तर या काळात आठवड्याला एकदा गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, नाहीतर मीठ धुताना मीठच लावाल.

डाग काढायची पद्धत. आधी पाण्याने धूळ उतरवा, कोरडी घासू नका. मग सौम्य साबण. डाग राहिलाच तर लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, सुती फडकं भिजवून डागावर २० मिनिटं चिकटवून ठेवा, सुकू देऊ नका. नंतर भरपूर पाण्याने धुऊन कोरडं पुसा. सायट्रिक ॲसिड लोखंडाचे कण विरघळवतं आणि क्रोमियमचा थर पुन्हा धरायला वाव देतं. घासावं लागलं तर पत्र्यावरच्या रेघांच्या दिशेनेच. तारेची घासणी अजिबात नको, तिचे तुकडे पत्र्यात रुतून नवे डाग उगवतात. फरशी धुवायचं ॲसिड किंवा ब्लीचही नको, दोन्हींत क्लोराइड आहे. इथे घरोघरी हेच दोन पदार्थ हाताशी असतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि स्टेनलेस फक्त बाहेर आहे. खालचे बोल्ट, सस्पेन्शनचे भाग, ब्रेकचे कॅलिपर इतर गाड्यांसारखेच. ॲल्युमिनियमचं ओतकाम आणि स्टेनलेस जिथे भिडतात तिथे खारी ओल पोचली तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. धुताना पाण्याचा फवारा खालून मारा. शेवटचं, या पत्र्याला पोचा आला तर पुटी भरून रंग मारणं जमत नाही. रंगच नाही, तर लपवायचं कशाखाली? बहुधा अख्खा पत्रा बदलावा लागतो.

साखळीचा सारथी:
कामाबद्दल बोलतो. गाडी ५.६८ मीटर लांब, आरसे उघडे असताना २.४ मीटर रुंद, रिकामं वजन तीन टन. इनोव्हा क्रिस्टा ४.७ मीटर लांब आणि १.८३ रुंद आहे, त्यावरून अंदाज करा. पणजीतल्या फोंतायनसच्या गल्ल्या सोडाच, गावातल्या कुंपणांमधल्या रस्त्यावर समोरून बस आली तर कुणीतरी मागे जावंच लागणार. पार्किंगची जागा साधारण पाच बाय अडीच मीटरची आखतात, हिची शेपटी बाहेर राहील.

क्षमता १,१३४ किलो आहे, पण त्यात माणसंही धरायची. चालक आणि दोन कामगार मिळून २१० किलो वजा केले की ९२० राहतात. जांभ्याचा चिरा साधारण ३० किलोचा धरला तर तीस चिरे. बोलेरो पिकअप सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत नेते आणि तिच्या हौद्याची फळकी तिन्ही बाजूंनी उघडतात. सायबरट्रकच्या हौद्याच्या बाजू उतरत्या, उंच आणि बंद. चिरे, नारळाची पोती, मासळीचे क्रेट आपल्याकडे बाजूने चढवतात, इथे सगळं मागूनच ओढावं लागेल. हौदा सहा फुटांचा, वरचं मोटरवर चालणारं झाकण मात्र पावसात ताडपत्रीपेक्षा नक्कीच बरं.

पाण्यातून जाण्यासाठी वेगळी सोय आहे. ती चालू केली की गाडी उंच होते आणि बॅटरीच्या पेटीत हवेचा दाब भरला जातो. खोली ८० सेंटिमीटरच्या आसपास, वेळ अर्धा तास. साचलेल्या पाण्यासाठी हे ठीक. ओढ असलेल्या पाण्यात, म्हणजे पुलावरून पाणी वाहतंय अशा वेळी, कुठलीच गाडी घालू नये. किनाऱ्यावर वाळूत घालायचा विचार असेल तर तो गोव्यात गुन्हा आहे, गाडी कुठलीही असो.

कायद्याची अडचण त्याआधीची. ही फक्त डाव्या स्टिअरिंगची बनते आणि आपल्या आयात धोरणात नव्या गाडीला उजवं स्टिअरिंग लागतं. परदेशी नोंदणीची गाडी कार्नेवर, म्हणजे परत नेण्याच्या हमीच्या कस्टम्स कागदावर, ठरावीक मुदतीसाठी आणता येते, तेवढंच. युरोपातही ती धारदार कडांमुळे अडली आहे. तिथल्या नियमानुसार बाहेर आलेल्या भागाची गोलाई किमान अडीच मिलिमीटर हवी. पायी चालणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हा नियम मला योग्य वाटतो. आपल्या रस्त्यांना पदपथ नाहीत, माणूस गाडीला घासूनच चालतो.

वेर्णा वायरिंग:
सगळे पत्र्यावर अडकले आहेत, पण हिचं सर्वांत मोलाचं काम तारांमध्ये आहे. दिवे, पंखे, काचा, वायपर हे सगळं इतर गाड्यांत १२ व्होल्टवर चालतं, इथे ४८ व्होल्टवर. तेवढ्याच शक्तीला विद्युतप्रवाह पाव लागतो, त्यामुळे तार बारीक चालते आणि तांबं वाचतं. तीच तार ठेवली तर उष्णतेतली नासाडी सोळाव्या हिश्शावर येते. उद्या हे सगळ्यांकडे येईल असं मला वाटतं. तोटा असा की इथल्या वायरमनकडचा बल्ब, हॉर्न, रिले, हवेचा पंप सगळं १२ व्होल्टचं. थेट जोडलं की जळालंच.

चार्जिंगचं तोंडही अमेरिकी ठेवणीचं, आपल्याकडे कारना सीसीएस-२ नावाच्या ठेवणीचं असतं. घरचा ३२ अँपियरचा सिंगल फेज चार्जर ७.४ किलोवॅट देतो. बॅटरी १२३ युनिटांची, म्हणजे रिकामीपासून भरायला नासाडी धरून अठरा तास. कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीसाठी आपल्याकडे अर्थिंग आधी तपासा. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी पडते, रोध वाढतो आणि चार्जर अर्थ फॉल्ट दाखवून बंद राहतो. गाडीत बिघाड आहे असं समजून लोक सर्व्हिस सेंटर गाठतात. अर्थिंगचा खड्डा विहिरीजवळ किंवा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा.

बार्देशचा वाटसरू:
देव बरे करो, एवढं सविस्तर कुठेच वाचलं नव्हतं. वायरिंगबाब, पावसात आमच्याकडे लाईट जाते. हिच्या हौद्यातल्या सॉकेटवर घर चालतं म्हणतात, ते इथे चालेल? आणि सारथीदादा, आज इलेक्ट्रिकमध्येच माल न्यायचा तर काय घ्यावं?

वेर्णा वायरिंग:
साठा भरपूर आहे, दिवसाला दहा युनिट वापरणारं घर दहा-अकरा दिवस निघेल. पण सॉकेट अमेरिकी, १२० आणि २४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची. दिवे, मोबाइल, लॅपटॉपला फरक पडत नाही. विहिरीच्या पंपाची मोटर मात्र वीस टक्के जास्त वेगाने फिरेल, जास्त प्रवाह ओढेल आणि तापेल. पंप त्यावर लावू नये. घराच्या वायरिंगला जोडायचं तर मधे चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल तर वीज उलटी लाईनवर जाते आणि खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवाशी गाठ पडते.

साखळीचा सारथी:
टाटा एस ईव्ही पाहा. २१.३ युनिटांची बॅटरी, ६०० किलो माल, कागदावर १५४ किलोमीटर. भरलेल्या गाडीला मी शंभरच धरेन. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा एवढ्यात ते पुरतं. एस प्रो ईव्हीची बॅटरी १४.४ युनिटांची आणि क्षमता ७५० किलो, ती शहरातल्या फेऱ्यांसाठी.

घाटाचा हिशेब वेगळा. साखळीहून चोर्ल्याला चढायचं म्हणजे साडेसातशे मीटर उंची. भरलेली गाडी १,८०० किलोंची धरली तर नुसत्या उंचीला पावणेचार युनिट लागतात, मोटरमधली नासाडी धरून साडेचारच्या वर. म्हणजे एसच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा चढणीतच गेला, अंतराचा खर्च त्यावर वेगळा. बेळगावची नियमित फेरी असेल तर चार्जर तिकडे कुठे आहे ते आधी पाहा, मगच गाडी ठरवा. आणि वरून पूर्ण चार्ज करून उतरू नका. बॅटरी भरलेली असली की उतारावर मोटरचा ब्रेक लागत नाही, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ऐंशी टक्क्यांवर निघा.